चिखलाचे ज्वालामुखी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानच्या सहलीत बाराटांग बेट बहुतेक असतंच. तिथून परतलेली मंडळी फोटो पाठवतात आणि विचारतात, "याला ज्वालामुखी का म्हणायचं?" ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे मोठा उद्रेक झाल्यावर तर अशा प्रश्नांची रीघच लागली. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अवघड नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे नेमकं काय? त्यातून लाव्हा येतो का?

लाव्हा येत नाही. जमिनीखाली कोंडलेलं पाणी, वायू आणि बारीक चिकणमाती एकत्र होऊन भेगेतून वर येतात. हा चिखल तोंडाशी साचतो, वाळतो, त्यावर नवा थर बसतो आणि हळूहळू शंकू उभा राहतो. आकार ज्वालामुखीसारखा, म्हणून नावही तेच पडलं. काही शंकू जेमतेम गुडघ्याएवढे असतात, तर अझरबैजानमध्ये शेकडो मीटर उंचीच्या टेकड्याच्या टेकड्या अशा चिखलाने घडल्या आहेत. बाहेर पडणारा वायू बहुतेक ठिकाणी मुख्यतः मिथेन असतो.

२. मग हा चिखल वर येतोच कशामुळे? खाली ढकलणारं काय असतं?

सुरुवात गाळापासून होते. मोठ्या नद्या समुद्रात बारीक गाळ आणून ओततात. तो सावकाश साचला तर कणांमधलं पाणी निसटून जातं आणि माती घट्ट बसते. पण गाळ भराभर साचला, की पाण्याला बाहेर पडायची वाटच उरत नाही. चिकणमातीतून पाणी सहजी झिरपत नाही. वर आणखी हजारो मीटर गाळ चढत जातो आणि त्याचा भार मातीच्या कणांऐवजी त्या अडकलेल्या पाण्यावर येतो. पाण्याचा दाब भयंकर वाढतो.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. खोलवरच्या उष्णतेने काही चिकणमातीची खनिजं बदलतात आणि बदलताना स्वतःमध्ये धरलेलं पाणी सोडतात. त्याच उष्णतेने गाळातल्या सेंद्रिय पदार्थांपासून मिथेन तयार होतो. आता हा सगळा साठा दोन भूपट्टांच्या कचाट्यात सापडला, बाजूने दाबला गेला आणि कुठे तरी भेग मिळाली, की चिखल वर सुटतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होत जातो, तसा विरघळलेला वायू सोड्याची बाटली उघडल्यावर फेसाळावा तसा बाहेर पडतो. बुडबुड्यांनी चिखल हलका होतो आणि आणखी वेगाने चढतो.

म्हणून हे ज्वालामुखी बहुतेक करून जिथे गाळ जाड आहे आणि पृथ्वीचं कवच दाबलं जातंय तिथेच सापडतात.

३. चिखल गरम असतो का? अंगाला लावला तर चालतो का?

बहुतेक ठिकाणी चिखल हवेइतकाच किंवा त्याहूनही थंड असतो. कोलंबियातल्या एल तोतुमो इथे लोक शंकूच्या तोंडात उतरून चिखलात डुंबतात. चिखल पाण्यापेक्षा जड असल्यामुळे माणूस त्यात बुडत नाही, तरंगतो.

त्वचेचे रोग बरे होतात का, हेही बरेच जण विचारतात. कोणताही चिखल औषध समजून लावू नका. वेगवेगळ्या ठिकाणच्या चिखलात वेगवेगळे क्षार असतात, काही ठिकाणी बोरॉन आणि जड धातूही आढळतात. जिथे आंघोळीची परवानगी नाही तिथे तर हातही घालू नये. कडेची जमीन वरून वाळलेली दिसते, पण आत पाय रुततो.

४. एवढ्याशा बुडबुड्यांचं इतकं महत्त्व कशासाठी?

हा प्रश्न थोड्या निराशेने विचारला जातो. लांबचा प्रवास करून गेल्यावर समोर करडा चिखल आणि अधूनमधून फुटणारा बुडबुडा दिसतो, त्यामुळे ती निराशा समजू शकते. पण त्या चिखलात दगडांचे जे लहानमोठे तुकडे असतात ते पाहा. ते काही किलोमीटर खोल असलेल्या थरांमधून सुटून आलेले असतात. तेवढं खोल विंधन करायला प्रचंड खर्च येतो, आणि इथे जमीन स्वतःच नमुने वर आणून ठेवते. त्या तुकड्यांवरून खालच्या थरांचं वय कळतं, त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून तिथे पूर्वी कसा समुद्र होता ते कळतं, आणि वायूच्या रासायनिक ठेवणीवरून तो किती खोलवर व कशापासून तयार झाला ते कळतं.

त्याखेरीज तेल-वायूचा शोध (प्रश्न १५), हवामान (प्रश्न १६), समुद्रतळावरची जीवसृष्टी (प्रश्न १७) आणि माणसांची सुरक्षितता (प्रश्न १३) या सगळ्यांशी त्यांचा थेट संबंध आहे. मला विचाराल तर शेवटचा मुद्दा सर्वांत आधी यायला हवा. शांत दिसणारी जागा आपण फार पटकन निरुपद्रवी ठरवतो.

५. असे ज्वालामुखी कुठे कुठे आहेत? महाराष्ट्रात किंवा गोव्यात का नाहीत?

सर्वांत जास्त दाटी अझरबैजानमध्ये आहे. बाकूजवळचा आबशेरोन द्वीपकल्प, गोबुस्तानचा परिसर आणि कॅस्पियन समुद्राचा तळ मिळून तिथे तीनशेहून अधिक चिखलाचे ज्वालामुखी आहेत. पाकिस्तान आणि इराणचा मकरान किनारा, रशियातला तामान द्वीपकल्प, रुमेनियातलं बेर्का, इटलीतलं सिसिली, त्रिनिदाद, तैवान, इंडोनेशिया अशी यादी बरीच वाढवता येईल. भारतात ते अंदमानात आहेत. बाराटांगचा सर्वांना माहीत असतो, पण उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळही आहेत.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे. तो खऱ्या लाव्ह्यापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला आणि आता थंड, कठीण खडक आहे. गोव्यातले खडक त्याहून कितीतरी जुने आहेत. प्रश्न २ मध्ये सांगितलेला जाड, कोवळा, दाबाखालचा गाळ इथल्या जमिनीखाली नाही. वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, राजापूर इथले गरम पाण्याचे झरे वेगळे. खोलवर गेलेलं पाणी तापून भेगांमधून परत वर येतं, चिखल ढकलणारा दाब तिथे नसतो.

६. आमच्या गावात बोअर मारताना गढूळ पाण्याचा फवारा उडाला. तो हाच प्रकार का?

नाही. विंधन करताना यंत्रातून दाबाने हवा सोडतात, ती पाणी आणि दगडाची भुकटी वर फेकते. काही वेळा कातळाच्या भेगांमध्ये दाबाखाली साठलेलं भूजलही मोकळं होऊन उसळतं. थोड्या वेळाने ते शांत होतं. मात्र पाण्याला उग्र वास असेल किंवा वायू सतत येत असेल तर जवळ काडी पेटवू नका आणि भूजल सर्वेक्षण कार्यालयाला कळवा.

७. बाराटांगला जावं का? काय दिसेल, आणि काय काळजी घ्यावी?

जावं, पण धगधगत्या डोंगराची अपेक्षा ठेवून जाऊ नये. एरवी तिथे जंगलात करड्या चिखलाचे बुटके उंचवटे, त्यांवरच्या चिरा आणि मधूनच फुटणारे बुडबुडे दिसतात. शांतपणे पाच-दहा मिनिटं उभं राहिलात तर बुडबुड्यांची लय लक्षात येते. बहुतेक जण फोटो काढून तितक्यात परत फिरतात, याचं वाईट वाटतं.

हे ठिकाण अधूनमधून जोरात जागं होतं. २००३ मध्ये उद्रेक झाला. २६ डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर काही दिवसांतच पुन्हा झाला. मग २००५ नंतर जवळपास वीस वर्षं मोठं काही घडलं नाही, आणि ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला मोठा आवाज होऊन चिखल उसळला. तेव्हा पर्यटकांना काही काळ बंदी करण्यात आली. असा उद्रेक आधी सूचना देऊन होत नाही, म्हणून कुंपण असेल तिथे कुंपणाबाहेरच थांबा, मुलांना कडेला सोडू नका आणि विडी-सिगारेट खिशातच राहू द्या.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रस्त्याने बाराटांगला जाताना जारवा लोकांच्या राखीव क्षेत्रातून जावं लागतं. वाहनं ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे. जारवा हे बघण्याचं ठिकाण नव्हे, तो त्यांचा घरचा परिसर आहे.

८. बाराटांगचा आणि बॅरन बेटाच्या ज्वालामुखीचा संबंध आहे का?

मूळ कारण एकच, पण प्रकार वेगळे. अंदमानच्या पश्चिमेला भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो. सरकताना त्याच्यावरचा समुद्री गाळ खरवडून निघतो, चुरगळतो आणि ढिगासारखा साचतो. अंदमानची बेटं बऱ्याच अंशी या ढिगाचाच वर आलेला भाग आहेत, आणि बाराटांगचा चिखल त्याच दाबलेल्या गाळातून येतो. खाली गेलेला भूपट्ट आणखी पूर्वेला बराच खोल पोचतो. तिथे खडक वितळतो आणि वर बॅरन बेट उभं राहतं. त्यातून खरा लाव्हा येतो. सुमारे दीडशे वर्षं शांत राहून १९९१ मध्ये ते पुन्हा जागं झालं.

९. चिखलाचा ज्वालामुखी जास्त उसळू लागला तर भूकंप येणार असं समजायचं का?

असा भरवसा ठेवता येत नाही. उलट क्रम मात्र अनेकदा दिसला आहे. मोठा भूकंप होतो आणि मग काही तासांत किंवा दिवसांत चिखल उसळतो. हादऱ्यांनी बंद पडलेल्या वाटा मोकळ्या होतात, चिखल सैल होतो, वायूचे बुडबुडे सुटतात. त्यासाठी खालचा दाब आधीच काठावर आलेला असावा लागतो. म्हणून एकाच भूकंपाने एक ज्वालामुखी उसळतो आणि शेजारचा ढिम्म राहतो. भूकंप नसतानाही बरेच उद्रेक होतात.

१०. हिंगळाज देवीच्या वाटेवरचा चंद्रगूप म्हणजे हाच का?

होय. बलुचिस्तानात हिंगोल नदीच्या परिसरात हिंगळाज देवीचं स्थान आहे. महाराष्ट्रातल्या भावसार क्षत्रिय समाजाची ती कुलस्वामिनी, नाथपंथीयांनाही ते स्थान पूज्य. म्हणून हा प्रश्न मराठी घरांतून वरचेवर येतो.

चंद्रगूप हा मकरान किनाऱ्याजवळचा सुमारे १०० मीटर उंचीचा चिखलाचा शंकू आहे. यात्रेकरू आधी चंद्रगुपाच्या माथ्यावर चढतात, तिथे नारळ अर्पण करतात आणि मग देवीच्या दर्शनाला जातात. माथ्यावरच्या कुंडात चिखल सतत बुडबुडत असतो. मकरानमध्ये अरबी समुद्राचा तळ किनाऱ्याखाली सरकतो आणि त्यावरचा कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ चेपला जातो. कारण अंदमानसारखंच (प्रश्न ८).

श्रद्धा आणि भूशास्त्र यांत इथे कुठलं भांडण मला दिसत नाही. ज्या जागी जमीन जिवंत असल्यासारखी वाटते तिथे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या नमस्कार केला, आणि त्यामुळेच तिच्याकडे इतकी वर्षं लक्षही राहिलं.

११. समुद्रातून बेट वर आलं आणि नाहीसं झालं अशा बातम्या येतात. त्या खऱ्या असतात का?

काही अगदी खऱ्या आहेत. २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात ७.७ क्षमतेचा भूकंप झाला आणि त्याच दिवशी शेकडो किलोमीटर दूर ग्वादरच्या किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटर उंच बेट वर आलं. लोकांनी त्याला झलझला कोह, म्हणजे भूकंपाचा डोंगर, असं नाव दिलं. त्यातून मिथेन निघत होता. २०१६ संपता संपता लाटांनी ते धुऊन नेलं. कॅस्पियन समुद्रात कुमानी नावाचं बेट १८६१ पासून अनेकदा दिसलं आणि बुडालं. २०२३ मध्ये ते पुन्हा दिसलं आणि वर्ष-दीड वर्षात जवळजवळ संपलं. चिखलाचं बेट ते, त्याला लाटांपुढे टिकायला खडकाचा आधारच नसतो.

नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपानंतरही किनाऱ्यालगत अशी बेटं उगवली होती. त्या वेळच्या त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. पण लाटा भूकंपाने आणल्या, बेटांनी नव्हे. या दोन्ही गोष्टी सांगताना नेहमी एकत्र गुंफल्या जातात.

१२. चिखलाला आग कशी लागते?

आग वायूला लागते. मोठ्या उद्रेकात मिथेनचा लोट दाबाने बाहेर पडतो. वर उडणारे दगड एकमेकांवर आपटतात, घासले जातात, ठिणगी पडते आणि वायू पेट घेतो. ४ जुलै २०२१ च्या रात्री कॅस्पियन समुद्रात दाश्ली बेटावर असा स्फोट झाला. ज्वाला सुमारे ५०० मीटर उंच गेल्याचं सांगितलं गेलं. जवळच वायूचं क्षेत्र असल्यामुळे आधी लोकांना वाटलं की उत्खननाचा फलाटच पेटला. बाकूजवळच्या लोकबातान इथेही ऑक्टोबर २००१ मध्ये मोठी आग उसळली होती.

बाकूजवळच्या सुराखानीतलं आतेशगाह हे अग्निमंदिर अनेकांना आठवतं. तिथे भारतीय व्यापाऱ्यांनी कोरलेले देवनागरी आणि गुरुमुखी लेख आहेत. पण तिथली ज्योत जमिनीतून झिरपणाऱ्या वायूची होती, चिखलाचा शंकू तिथे नाही.

१३. इंडोनेशियात चिखलाने गावं गिळली म्हणतात. तिथे काय झालं?

पूर्व जावातल्या सिदोआर्जो जिल्ह्यात २९ मे २००६ रोजी भातशेतीत जमीन फाटली आणि गरम चिखल वाहू लागला. पुढे तो इतका वाढला की एका दिवसात १ लाख ८० हजार घनमीटरपर्यंत चिखल बाहेर येत होता. घरं, शाळा, कारखाने, मशिदी, शेतं बुडाली. हजारो कुटुंबं विस्थापित झाली. नोव्हेंबर २००६ मध्ये खचलेल्या जमिनीमुळे वायूची नळी फुटून स्फोट झाला, त्यात माणसं दगावली. जगभर हा ज्वालामुखी लुसी या नावाने ओळखला जातो.

तो फुटला कशामुळे, यावरचा वाद महत्त्वाचा आहे. तिथून सुमारे दोनशे मीटरवर बांजार पांजी-१ ही वायूशोधाची विहीर खोदली जात होती. आदल्या दिवशी त्या विहिरीत खालून द्रव जोरात उसळला होता, आणि विहिरीचा खालचा मोठा भाग पोलादी नळीच्या आवरणाशिवाय होता. दुसरीकडे, दोनच दिवस आधी २७ मे रोजी सुमारे २५० किलोमीटरवर योग्यकर्ताला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला होता. विहीर खोदणाऱ्यांनी भूकंपाकडे बोट दाखवलं. २००८ मध्ये केप टाउनच्या परिषदेत ७४ पेट्रोलियम भूशास्त्रज्ञांनी मत नोंदवलं. ४२ जणांनी खोदकामाला जबाबदार धरलं, ३ जणांनी फक्त भूकंपाला, १३ जणांनी दोन्हींना. १६ जणांना पुरावा अपुरा वाटला. मतदानाने विज्ञान ठरत नाही हे खरं, आणि त्यानंतरही दोन्ही बाजूंनी शोधनिबंध आले. माझ्या मते विहिरीच्या नोंदींचा पुरावा अधिक भक्कम आहे. इतक्या दूरच्या, त्या ताकदीच्या भूकंपाने तिथे यापूर्वी कधी असं घडवलं नव्हतं.

लुसी तशी शुद्ध चिखलाची नाही. शेजारच्या अर्जुनो-वेलिरांग या खऱ्या ज्वालामुखीची उष्णता तिच्यापर्यंत पोचते, म्हणून तिचा चिखल उकळत्या पाण्याच्या आसपास तापलेला असतो. प्रश्न ३ मधल्या उत्तराला हा मोठा अपवाद.

१४. मग तोंडाला बूच मारून तो बंद का केला नाही?

प्रयत्न झाला. २००७ मध्ये साखळ्यांना बांधलेले सिमेंट-काँक्रीटचे शेकडो गोळे मुखात सोडले. चिखल थांबला नाही. दाब खाली कायम असेल तर एक तोंड बंद केल्यावर तो दुसरीकडून फुटतो, आणि ते दुसरं तोंड कुणाच्या घराखाली असेल हे सांगता येत नाही. शेवटी मातीचे उंच बांध घालून चिखल अडवला आणि बराचसा पोरोंग नदीतून समुद्राकडे सोडला. दाब आपोआप ओसरेपर्यंत वाट पाहायची आणि लोकांना लांब वसवायचं, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो. वहाळाच्या तोंडाशी घर बांधू नये हे जसं कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही, तसंच हेही अंगवळणी पडायला हवं.

१५. जिथे चिखलाचा ज्वालामुखी तिथे तेल किंवा वायू नक्की सापडतो का?

नक्की नाही, पण खूण चांगली आहे. मिथेन येतोय म्हणजे खाली वायू तयार करणारा थर आहे. तो विकण्याजोगा साठा बनायला वर घट्ट झाकण लागतं, आणि झाकणाला भोक पडल्याशिवाय चिखल वर येत नाही. म्हणून काही ठिकाणी साठा गळून गेलेला असतो, काही ठिकाणी शेजारीच भरपूर असतो. बाकूच्या परिसरातली बरीच तेलक्षेत्रं चिखलाच्या ज्वालामुखींच्या आसपासच आहेत.

१६. यांच्या मिथेनमुळे हवामान बदलतं का?

वाटा आहे, मुख्य दोष नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून नैसर्गिक गळतीही मोजावी लागते. ती मोजणं अवघड, कारण शांत दिवसांची गळती आणि एका उद्रेकाची गळती यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय आजूबाजूच्या सुक्या जमिनीतूनही वायू नकळत झिरपतो. पण हे ज्वालामुखी माणसाच्या आधीपासून आहेत. गेल्या दोन शतकांत हवेतला मिथेन अडीच पटींहून अधिक झाला तो शेती, गुरं, कचरा आणि इंधनाच्या खाणी-विहिरींमुळे.

१७. समुद्राच्या तळाशीही असतात का? तिथे काय जगतं?

जमिनीपेक्षा तिथे अधिक असावेत. नॉर्वेच्या उत्तरेला सुमारे १,२५० मीटर खोलीवर हाकोन मॉस्बी नावाचा चिखलाचा ज्वालामुखी आहे. सूर्यप्रकाश तिथे पोचत नाही, तरी सूक्ष्मजीवांच्या पांढऱ्या चटया आणि नळीत राहणारे कृमी दाटीने आढळतात. काही सूक्ष्मजीव मिथेनवरच जगतात आणि वायूचा मोठा भाग पाण्यात सुटण्याआधीच संपवतात. प्रश्न १६ मधला हिशोब त्यामुळे बराच सौम्य होतो.

याच्या जवळचा प्रकार आपल्याकडे आहे. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरच्या समुद्रात मिथेन झिरपणाऱ्या जागा आणि तिथली जीवसृष्टी शोधली. ते चिखलाचे शंकू नव्हेत, पण तिथलं जगणंही मिथेनवरच चालतं.

१८. यलोस्टोनमधली चिखलाची कुंडं आणि भुजच्या भूकंपात उसळलेली वाळू यांत मोडतात का?

दोन्ही मोडत नाहीत. यलोस्टोनमध्ये खालच्या उष्णतेने वाफ आणि आम्लयुक्त वायू वर येतात, ते जागेवरच्याच खडकाचा चिखल करतात. चिखल खोलवरून आलेला नसतो.

२६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात कच्छच्या रणात वाळू आणि पाणी उसळून छोटे शंकू झाले. काही मीटर खोलीवरची ओली वाळू हादऱ्यांनी पातळ झाली आणि वर आली. एकदा झालं, संपलं.

कॅलिफोर्नियात साल्टन समुद्राजवळ नायलंड इथे आणखी वेगळाच प्रकार आहे. तिथला चिखलाचा झरा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर चालतो आणि जागा बदलत सरकत राहिला. त्याच्यापायी रेल्वेमार्ग आणि रस्ता बाजूला घ्यावा लागला.

१९. ज्यात चिकणमातीही नाही असा काही प्रकार आहे का?

आहे, आणि जगातले सर्वांत मोठे तेच आहेत. पॅसिफिक महासागरात मारियाना गर्तेजवळ सर्पेंटिनाइट नावाच्या हिरवट खडकाच्या चिखलाचे डोंगर आहेत, काही तर ५० किलोमीटर रुंद. खाली सरकणाऱ्या भूपट्टातलं पाणी वरच्या खडकात शिरतं, खडकाचं रूप बदलतं आणि तो मऊ होऊन वर चढतो. तिथला द्रव कपडे धुण्याच्या सोड्याहूनही जास्त अल्कधर्मी असतो.

२०. मंगळावरही चिखलाचे ज्वालामुखी आहेत का?

असण्याची शक्यता बरीच आहे. मंगळाच्या उत्तर गोलार्धात असिडेलिया मैदानावर हजारो गोल उंचवटे दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या माथ्यावर खळगा आहे. तिथे कोणी जाऊन पाहिलेलं नसल्यामुळे निकाल बाकी आहे. २०२० मध्ये संशोधकांनी हवा काढलेल्या थंड कक्षात मंगळासारखी स्थिती करून चिखल वाहवला. चिखलाचा पृष्ठभाग लगेच गोठला, आत मात्र तो द्रवच राहिला, आणि कवच फोडून पुढे पुढे सरकत गेला, अगदी हवाई बेटांवरच्या दोरीसारख्या लाव्ह्याप्रमाणे. त्यामुळे मंगळाच्या छायाचित्रात लाव्ह्यासारखा दिसणारा प्रत्येक ओघळ लाव्ह्याचाच आहे असं आता धरता येत नाही.